तीन नंबरच्या शेडमधलं भांडं

वॉर्डेल काउंटी उद्यान व संवर्धन कार्यालय,
बेथनी तळ्याची टेकडी, आयोवा
शनिवार, सकाळ

तीर्थस्वरूप आर्डिथ आत्या,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कारण टेबलाखाली मर्लचा कुत्रा झोपलाय आणि त्याला उठवलं की मर्ल दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि कामाला आम्ही दोघंच आहोत. उरलेला नमस्कार मनाने केलाय असं समजा.) तब्येत कशी आहे? गुडघे आता दुखत नसतील अशी मनापासून आशा आहे. तिकडे ओल फार असते का, अंगावर घ्यायला पुरेसं आहे ना, हे विचारायचं राहूनच गेलं. जूनपासून तुमचं पत्र नाही, पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. (खरं म्हणजे मी पत्र लिहितेय हे तिला सांगितलेलंच नाही, त्यामुळे तिचा नमस्कार मी गृहीत धरलाय. हे बरोबर नाही हे मला कळतं. खोडणार होते, पण खोडलेला नमस्कार जास्त वाईट दिसतो.)

मंगळवारी मला या खुर्चीत एक वर्ष होईल. त्याच दिवशी संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. वर्षाचा अहवाल वाचून झाला की पाचही सभासद हात वर करून ठरवतील की मी कायम, की मी घरी. तुम्ही एकतीस वर्षं हे काम केलंत आणि गेल्या सप्टेंबरात किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन ॲरिझोनाला गेलात, तेव्हा म्हणाला होतात, "केझिया, काळजी करू नकोस, उद्यानं आपली आपण चालतात." आत्या, ती चालत नाहीत. निदान चालू नयेत अशा गोष्टी चालतात. अहवाल सतरा पानांचा झालाय आणि त्यातली एक ओळ मला लिहिता येत नाही. ती कोणती हे कळायला सुरुवातीपासून सांगावं लागेल. रागावू नका. तुम्हाला आता सवड असेल.

मी कशी वाढले हे तुम्हाला ठाऊक आहे. आमची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, शिक्षक म्हणजे आई, आणि तास संपल्याची घंटा म्हणजे ओव्हनची. पाचही भावंडांना तिने भूगोल जरा कमी शिकवला, पण दोन नियम घोटून घेतले. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. या दोन नियमांवर माणूस कुठेही सुखाने नोकरी करू शकतो असं मला वाटायचं. हे दोन्ही नियम एक दिवस एकमेकांच्या अंगावर धावून येतील, हे काही तिने शिकवलं नव्हतं.

हिवाळा बीव्हरांनी खाल्ला. (एकाच बीव्हराने, पण त्याच्यामागे मोठं कुटुंब असावं अशा उत्साहाने.) त्याने पूर्वेच्या ओढ्यावर बांध घातला, मी कायद्याप्रमाणे सूचना लावून तो काढला, त्याने माझ्या सूचनेच्या पाटीसकट तो पुन्हा बांधला. ते सोडा. वसंतात दरवर्षीप्रमाणे टेकडीवरचा माळ जाळायचा होता. जुनं गवत जाळल्याशिवाय नवं येत नाही, हे मी नऊ वर्षांची असताना तुम्हीच हातात फावडं देऊन शिकवलंत. आग म्हटल्यावर मला दोन आठवडे झोप नव्हती. मी शेरीफला कळवलं, अग्निशामक दलाला कळवलं, चारी बाजूंच्या शेतकऱ्यांना कळवलं, आणि धूर चर्चकडे गेला तर काय म्हणून प्रार्थना मंडळालाही कळवलं. परिणाम असा झाला की त्या दिवशी चाळीस माणसं घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन आग बघायला आली. ती पांगवण्यात आमची योग्य वाऱ्याची वेळ चुकली.

पण आग शहाण्यासारखी जळली. फक्त एक पट्टा सोडून. तळ्याच्या काठापासून थेट सहलीच्या जेवणांसाठी असलेल्या तीन नंबरच्या शेडपर्यंत, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. दोन्हीकडे काळी राख आणि मध्ये पिवळं गवत, तेही उभं नाही, पार आडवं पडलेलं. मी टेप लावून मोजला. मर्ल फावड्यावर हनुवटी टेकून बघत होता. "तुडवलेलं गवत जळत नाही, पोरी," तो म्हणाला. मी विचारलं, कुणी तुडवलं? तळ्यातून वर कोण येतं? "कासवं," मर्ल म्हणाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "शेजारी शेजारी." मी अहवालात 'इतर' या सदराखाली फक्त लांबी-रुंदी लिहिली. ती मी पाहिली होती.

आता शेड. तुमच्या पत्र्याच्या डब्यात आरक्षणाची कार्डं होती, त्यातलं एक मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. 'तीन नंबरची शेड. ऑगस्टचा दुसरा रविवार. बेथनीकर. ४१ जण. दरवर्षी. कुणालाही देऊ नये.' ना फोन नंबर, ना अर्ज, ना सही. जुने अहवाल काढून पाहिले तर एकतीस वर्षं त्या रविवारी एक्केचाळीस जण. लहान मूल कधी वाढलं नाही, म्हातारं कुणी कधी कमी झालं नाही. आत्या, स्पष्ट लिहिते, मला वाटलं की तुम्ही आकडा मारून टाकायचात. बेथनी गाव तर माझ्या वडिलांच्या लहानपणीच धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथली माणसं कुठे कुठे पांगली, कबरी वर टेकडीवर हलवल्या, मग हे दरवर्षी जेवायला येतं कोण? मी नियमपुस्तक उघडलं. अर्जाशिवाय आरक्षण ग्राह्य नाही. आणि तो रविवार मी फ्रेरिक्सच्या धान्य गोदामाच्या सॉफ्टबॉल संघाला देऊन टाकला. वर्षभरात मी नियमाप्रमाणे केलेल्या सगळ्या गोष्टींत एवढी मोठी चूक दुसरी कुठलीही झाली नाही.

संघ बारा वाजता आला. अठरा गडी, एकेकाचा दंड माझ्या कमरेएवढा. साडेबाराला ते गाड्यांत बसून निघाले होते, सॉसेज तसेच जाळीवर टाकून. मी कर्णधाराला, ब्रँटला, फाटकाशी गाठलं. एरवी हा माणूस कुजबुजला तरी पलीकडच्या काठावर ऐकू येतो. तो टोपी हातात घेऊन खालच्या आवाजात बोलत होता.

"शेड चांगली आहे हो. पण भरलेली आहे."

मी म्हटलं, भरलेली कशी असेल, मी स्वतः झाडलीय.

"तसं दिसत काहीच नाही. पण बसलं की आपण कुणाच्या तरी मध्ये बसलोय असं वाटतं. आमच्या डेलने तर उठून जागा दिली. कुणाला दिली म्हणून विचारलं तर रडायलाच लागला." मग त्याने माझ्याकडे न बघता टोपी घातली. "आणि मी बाकावर पाय ठेवला होता, तर कुणीतरी म्हणालं, बूट खाली. बाईमाणूस होतं. चांगल्या घरचं वाटलं."

सोमवारी सकाळी शेड साफ करायला गेले, तर मधल्या टेबलावर एक भांडं. पांढऱ्या इनॅमलचं, लांबट, निळ्या काठाचं, आत कशाची तरी भाजलेली खरपुडी. उलटं केलं. आपल्याकडे बायका सगळ्यांच्या जेवणाला भांडं नेताना करतात तसंच खाली चिकटपट्टीवर नाव: मिसेस हार्म रिंडर्स. भांड्याखाली टेबलावर ओला ठसा आणि बोटभर बारीक गाळ. मी ते सापडलेल्या वस्तूंच्या वहीत नोंदवलं आणि टेलिफोनच्या यादीत रिंडर्स शोधले. एकही नाही. शेवटी मर्लला विचारलं, रिंडर्सांचं घर कुठे आहे?

"बंधाऱ्यापासून सरळ. चर्चच्या उजव्या हाताला," मर्ल म्हणाला. "चौदा फूट खाली. उन्हाळ्यात बारा."

त्या वेळी मी वही बंद करून भांडं कपाटात ठेवायला हवं होतं. पण आत्या, भांडं कुणाचं आहे हे कळलं होतं, आणि ते खरकटं होतं. मी ते घासलं. घासलेलं भांडं परत करायचं म्हटल्यावर हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेला. सफरचंदाचा केक केला, भांड्यात घातला, शेडच्या टेबलावर ठेवला, वर चिठ्ठी: 'आपलं भांडं राहिलं होतं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' मर्लने चिठ्ठी वाचली आणि तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा तो झाडावर अडकलेल्या पतंगाकडे बघतो. "पोरी," तो म्हणाला, "रॅकूनने खाल्लं तर मी मेणबत्ती लावीन. नाही खाल्लं तर तू लाव."

दुसऱ्या दिवशी भांडं नव्हतं. गुरुवारी होतं. घासलेलं, पुसलेलं, झाकणाखाली सायीतल्या हिरव्या शेंगा, वर जायफळ. तळ ओला. आणि शेंगा गरम. शेडमध्ये चूल नाही, वीज मी मे महिन्यात नियमाप्रमाणे तोडली होती. खरी भीती मात्र वेगळीच होती. शेंगांकडे बघत मी विचार करत होते की आता पुन्हा माझी पाळी आली.

तेव्हापासून पाच आठवडे हे चालू आहे. मी मक्याची वडी नेते, मोहरीतली काकडी येते. मी बटाटे नेते, मनुकांचा पाव येतो. थांबावं कसं? रिकामं भांडं ठेवायला माझा हात होत नाही, आणि पलीकडेही कुणाचा होत नाही. आपल्याकडची माणसं मेली तरी भांडं रिकामं परत करत नाहीत, हे आई नेहमी म्हणते. मला वाटायचं ती बोलण्याची रीत आहे.

या सगळ्यात तळ्याचं काम. तुम्हीच सुरू केलेली योजना: बंधाऱ्याचा खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी दहा-बारा फूट उतरवायचं, कार्प मासे आणि पन्नास वर्षांचा गाळ काढायचा, म्हणजे पाणी पुन्हा नितळ होईल. राज्याची परवानगी मंगळवारपर्यंतच आहे. तोवर पाणी उतरायला लागलं नाही तर योजना गेली, आणि मंडळासमोर माझंही काही उरत नाही. पण व्हॉल्व्ह उघडायच्या आदेशावर सही करायला पेन उचललं की डोळ्यांसमोर रिंडर्सबाईंचं छप्पर उघडं पडायचं. आपण न विचारता कुणाच्या घरावरचं पांघरूण कसं काढायचं? ज्यांनी आपल्याला गरम शेंगा पाठवल्या त्यांच्या? शेवटी मी विचारलंच. गेल्या रविवारी बटाट्यांखाली चिठ्ठी ठेवली: 'पाणी उतरवायचा विचार आहे. आपली हरकत असल्यास कृपया कळवावे.'

बुधवारी भांडं आलं. झाकण काढलं तर आत गाळ. काठोकाठ, वरून चमच्याने सारखा केलेला, केकवर साय लावतात तसा. आणि मधोमध कार्प माशाचं एक डोकं, तोंड उघडं. मी झाकण लावलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. वाटलं, संपलं, ही धमकी आहे. मर्ल आत गेला, बघून आला, शेजारी बसला.

"तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षं असा चिखल आणि मासे असते, आणि कुणीतरी विचारलं असतं की झाडायला येऊ का, तर तिने काय केलं असतं?"

मी म्हटलं, तिने बोलावून दाखवलं असतं. कोपरान् कोपरा.

"मग? सही कर," मर्ल म्हणाला.

सही केली. (गाळाचं भांडं घासायला मात्र एक तास लागला.) आणि काल मंडळाच्या अध्यक्षा डोलोरेसबाई फ्रेरिक्स स्वतः तपासायला आल्या. तुम्हाला त्या ठाऊक आहेत, खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीवर बोट फिरवून बघतात. टेबलावर नेमकं सकाळीच आलेलं भांडं होतं, पुन्हा शेंगा. त्यांनी न विचारता चमचा घेतला, एक घास खाल्ला आणि बोलायच्या थांबल्या. दुसरा खाल्ला. मग हळूच म्हणाल्या, "जायफळ. माझी आजी घालायची. बेथनीची होती ती, माहेरची रिंडर्स. तिच्यानंतर कुणाला हे जमलं नाही. कुणी केलंय?" मला खोटं बोलता येत नाही आणि खरंही बोलवेना. मी म्हटलं, तळ्याकडच्या एका बाईंनी पाठवलंय. त्यांनी खिडकीतून तळ्याकडे बघत भांडं संपवलं, अगदी कडेचं खरवडून. मग रुमालाने तोंड पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तयारी झाली का व्हॉल्व्हची? मंगळवारी मी कोणत्या तोंडाने तुझं नाव पुढे करू?"

मी म्हटलं, जवळजवळ झाली आहे. एका गोष्टीसाठी आर्डिथ आत्याला लिहावं लागणार आहे.

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "लिही. माझाही नमस्कार कळव." तो मी येथे कळवते. हा गृहीत धरलेला नाही, खरा आहे.

बाकी सगळं ठीक. निळ्या पाखरांच्या घरट्यांच्या पेट्यांतून यंदा त्रेसष्ट पिल्लं उडाली, ती मी पाहिली. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये. काही चुकीचं लिहिलं असेल तर वडीलकीने पोटात घालावं.

तुमची आज्ञाधारक,
केझिया

ता. क. लिहायचं मुख्य राहिलंच. व्हॉल्व्हच्या खोलीची पितळी किल्ली जुडग्यात नाही. ती तुम्ही नेहमी वेगळी, गळ्यातल्या साखळीत ठेवायचात. जूनमध्ये ॲरिझोनाच्या इस्पितळातून तुमच्या सामानाची पेटी आली त्यात चष्मा होता, दुर्बीण होती, अर्धवट विणलेला हातमोजा होता, किल्ली नव्हती. मर्ल म्हणतो कुलूप तोडू, पण ते काउंटीचं कुलूप आहे आणि तोडायचा अर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागतात. जुलैत मी आणि मर्लने तुमची राख तुमच्या इच्छेप्रमाणे होडीतून तळ्यात सोडली, (परवाना लागत होता, अर्जही मीच केला, मंजूरही मीच केला, त्याचं मला अजून वाईट वाटतं) तेव्हा विचारायचं सुचलं नाही, रडू येत होतं. तर किल्ली कुठे ठेवलीत तेवढं कळवावं. या पत्राला तिकीट लावत नाही. आज दुपारी भांड्याखाली ठेवते. भांड्यात तुमच्या आवडीचा भोपळ्याचा केक आहे.

ता. क. दुसरं. सोमवार, सकाळ. पत्र परत आलंय, म्हणून त्यावरच लिहिते. कागद ओला आहे, शाई पसरली तर माफ करा. रिंडर्सबाईंचं भांडं आलं नाही. त्याऐवजी हिरवं भांडं आलं, बटाट्याच्या सॅलडचं, मोहरी जास्त, आणि खालच्या चिकटपट्टीवर तुमचं नाव. किल्ली तिसऱ्या चमच्याला लागली. मी आणि मर्लने नऊ वाजता व्हॉल्व्ह उघडला. पाणी आत्ता वीतभर उतरलंय आणि काठाशी बेथनीकडे उतरणारी पहिली पायरी दिसतेय. कुणीतरी झाडलेली आहे. पाळी माझी होती, पण मर्लनेच मेणबत्ती आणली आणि शेडमध्ये लावली.

ता. क. शेवटचं. अहवालातली राहिलेली ओळ म्हणजे तो ऑगस्टचा रविवार. तिथे मी 'सॉफ्टबॉल संघ, १८' लिहून तीनदा खोडलं होतं. आता लिहिण्यापूर्वी पत्र्याच्या डब्यातलं कार्ड काढलं, तर त्यावर ४१ खोडून तुमच्या अक्षरात ४२ केलेलं आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा तसंच लिहिलं. पुढच्या ऑगस्टचा दुसरा रविवार बेथनीकरांच्या नावे धरलाय, मात्र या वेळी अर्जाशिवाय चालणार नाही. अर्ज मी भरून भांड्याखाली ठेवते आहे, फक्त सहीची जागा मोकळी आहे. सवडीने सही करून पाठवा. आणि आत्या, भांडं भरून पाठवायची तसदी घेऊ नका. घरच्या माणसाने रिकामं परत केलं तरी चालतं, असं आई म्हणते.